तुझ्या दहाव्याला तात्या बोलला

शकू, तुझ्या दहाव्याला तात्या आला होता. नुसता आला असता तर मी कानाडोळा केला असता, गावात कुणाच्याही दहाव्याला कुणीही येतं. हा माईक घेऊन बोलला. तुझा पिंड मांडलेला, तुझा प्रमोद डोकं भादरून ओल्या पंच्यानं उभा, आणि हा बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात माईक तोंडाला लावून म्हणतो, "आपल्या गावची वाघीण गेली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू जिवंत असताना ह्याच तोंडानं तुला काय काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे. त्यात वाघीण कुठंच नव्हतं.

तू शेजारी असतीस तर माझा पदर ओढून म्हणाली असतीस, "विमल, बस खाली. ऐकू तरी कसं बोलतंय बेणं." तुला दुसऱ्याचं खोटं ऐकायची मोठी हौस. मला ती कधीच नव्हती. रडायचं होतं ते तेरा दिवसांत रडून झालं, आता नुसता राग उरलाय, आणि तो ऐकून घेणारी एकच बाई होती ती तू.

स्टँडवर तुझा फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो तुझा तोच, निवडणुकीच्या पत्रकावरचा, पदर जरा जास्तच पुढं ओढलेला. वर कोपऱ्यात तात्याचा फोटो, तुझ्या दुप्पट, हात जोडून हसणारा. आणि खाली 'शोकाकुल' म्हणून नावं कुणाची? संध्याकाळ झाली की तुझ्या दारावरून गाड्या फिरवणाऱ्या पोरांची. सगळ्यांची, एकही सुटला नाही. मी फ्लेक्सखाली उभी राहून नावं वाचत होते तेव्हा पानवाला म्हणाला, "बाई, लई छान फ्लेक्स केलाय न्हाय का तात्यानं?" मी त्याला म्हटलं, "व्हय, मेलेल्या माणसावर खर्च करायला तात्याचा हात लई सढळ हाय." तो खाली मान घालून पानाला चुना लावायला लागला. सगळं गाव असंच गप्प होतं, शकू, तुला ठाऊकच आहे.

ती खंडोबाच्या देवळातली बैठक आठवते? आपण दोघी तिथं नव्हतोच म्हणा, बायकांना कोण बोलावतं. पंचायतीची निवडणूक लागली होती आणि तात्यानं ठरवलं होतं की गाव बिनविरोध करायचं. ऐकायला किती गोड. भांडणतंटा नको, खर्च नको, एकोपा राहील. फक्त नावं तात्यानं ठरवायची. दर घरातला एक कर्ता पुरुष देवापुढं उभा केला आणि भंडारा उचलायला लावला. तात्यानं दिलेल्या नावांशिवाय आमच्या घरातून दुसरा फॉर्म जाणार नाही, गेला तर देव बघून घेईल. खंडोबाची हळद मुठीत घेऊन दिलेली शपथ आपल्याकडं कोर्टातल्या शपथेपेक्षा भारी, हे तात्याला चांगलं माहीत होतं. पोलीस लागत नाहीत, काठी लागत नाही. मूठभर हळद पुरते.

तुझ्या घरातून देवळात गेलेले दत्तूभाऊजी परत आले तेव्हा मी तुझ्या चुलीपाशीच बसले होते, पोषण आहाराचं काहीतरी विचारायला आले होते. तू भाकरी थापत होतीस. त्यांचा उजवा हात पिवळाधमक. "हाताला काय झालं?" तू विचारलंस. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मला वाटलं आता तू आरडाओरडा करशील. तू भाकरी उलटलीस, तिला पाण्याचा हात फिरवलास आणि म्हणालीस, "बरं. हात तुमचा व्हता. मत माझं हाय. त्याला कुणी भंडारा लावला न्हाय." भाऊजी म्हणाले, "अगं, घराची शपथ हाय." तू म्हणालीस, "घराची शपथ घ्यायची तर घराला इचारायचं. देव काय तात्याच्या घरी सालगडी हाय का, ह्यानं बोलावला की यायला?"

दुसऱ्या दिवशी तू एसटीनं तुळजापूरला जाऊन फॉर्म भरून आलीस. येताना देवीचं कुंकू आणलंस आणि माझ्या कपाळाला लावून म्हणालीस, "तिच्याफुडं सांगून आलेय. ती काय म्हणली न्हाय." मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मी अंगणवाडीच्या नोकरीत, तुझ्याबरोबर उघड फिरता येत नव्हतं. तरी प्रचारात रोज रात्रीची भाजी माझ्या घरून यायची हे तात्याच्या माणसांनाही कळलं होतं.

आणि मग आपल्या गावानं जी गंमत केली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. माणसं मागल्या दारानं येऊन तुला सांगून गेली, "शकूताई, शपथ फॉर्म न भरायची व्हती. मत न द्यायची कुठं व्हती?" तू पोट धरून हसलीस. देवाला फसवायचं नाही पण तात्याला फसवायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढला आणि तुझ्या कपबशीच्या निशाणीचं बटण दाबलं. वॉर्ड तू जिंकलीस. निकाल लागला तेव्हा गुलाल उधळायला एक पोरगं पुढं आलं नाही. शमीमभाबी मात्र बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आली आणि तुझ्या ओट्यावर बसून तुझे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरून गेली. तुझी मिरवणूक ती तेवढीच.

इथं जरा थांबते, नाहीतर तुझं कौतुकच करत बसेन. मला कौतुक करायचं नाही, भांडायचं आहे.

जत्रेच्या आधीची ग्रामसभा. तात्याच्या मागं फिरणाऱ्या पोरांनी ठराव आणला होता, यंदा जत्रेत फक्त 'आपल्या माणसांची' दुकानं लागतील. नाव घेतलं नाही, गरज नव्हती. शमीमचं बांगड्यांचं दुकान तिच्या सासूच्या काळापासून देवळाच्या उजव्या अंगाला लागतं. गावातली एकेक बाई तिथं बसून गेली आहे. हे सगळे ठराव आणणारे, त्यांच्या आयांचे लग्नातले चुडे कुणी भरले, विचारा म्हणावं. ग्रामसभेत शंभरेक माणसं होती. हात वर करा म्हटलं. हात वर झाले, काही पटकन, काही इकडंतिकडं बघून. ग्रामसेवक म्हणाले, "एकमतानं मंजूर." तेव्हा तू उठलीस.

"माझा हात वर न्हाय. एकमत कसं झालं?"

तात्या हसून म्हणाला, "शकूताई, बसा. गावाच्या एकीचा प्रश्न हाय."

"एकी हाय ना? मग घाबरता कशाला, मोजा की हात. आणि मला एक सांगा, इथं बसलेल्या कुठल्या बाईचा हात शमीमनं धरला न्हाय? तवा धर्म कुठं गेलता? बांगड्या चढवताना म्हणला का कुणी, सोड माझा हात?"

बायका पदराआड हसल्या. पुरुष जमिनीकडं बघत होते. ठराव तरी झालाच. पण त्या दिवशी ग्रामसेवकाला 'बहुमतानं' म्हणावं लागलं. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "एवढंच जमलं बघ. एकमत तोडलं." जणू काही फारच थोडं केलंस.

त्या एका शब्दाची किंमत तुझ्याकडून कशी वसूल केली ते मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या बोलण्याचा व्हिडिओ कुणीतरी कापून गावाच्या ग्रुपवर टाकला. पुढचं मागचं सगळं काढलेलं, फक्त 'तवा धर्म कुठं गेलता' एवढंच ठेवलेलं, खाली लिहिलेलं 'गद्दार'. ज्यांच्या लेकींच्या बाळंतपणात तू रात्र रात्र बसलीस त्यांनी तो व्हिडिओ पुढं पाठवला. हळदीकुंकवाला तुझ्या घरी तीन बायका आल्या, त्यातली एक मी. गिरणीवाला म्हणाला, "शकूताई, माझी मोटार बिघडलीय," आणि त्याच वेळी आत दुसऱ्याचं दळण चालू होतं, आवाज बाहेर येत होता. तू तशीच फिरलीस. ज्वारी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला गेलीस.

मग सोयाबीनची गंज. काढून रचून ठेवलेलं सगळं पीक. संध्याकाळी शेताकडून धूर दिसला म्हणून लोक पळाले, तू पळाली नाहीस. ओट्यावर बसून राहिलीस. मी आले तर म्हणालीस, "जाऊन काय बघू? कुणी लावली ते आधीच बघितलंय." ठाण्यात गेलो आपण. साहेब म्हणाले, "कुणावर संशय?" तू नावं सांगितलीस. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पुरावा?" म्हणाले. आणि मग समजुतीच्या स्वरात, "ताई, बिडी-सिगारेटनंबी लागती आग. कशाला वाकड्यात शिरता?" तू उठताना त्यांना म्हणालीस, "साहेब, तुमी बिडी पकडा मग. तिच्यावर तरी गुन्हा नोंदवा." बाहेर येऊन रसवंतीवर आपण रस प्यायलो. मी अजून साहेबांना शिव्या देत होते आणि तू बर्फ कमी टाक म्हणून रसवाल्याशी हुज्जत घालत होतीस.

आणि मग रोजच्या गाड्या. दिवेलागणीला पोरं झेंडे लावलेल्या मोटारसायकली घेऊन यायची, तुझ्या दारात जागेवर उभी राहून रेस करायची, भोंगे वाजवायची, घोषणा द्यायची आणि जायची. देवाचं नाव घ्यायची, शकू. आपण ज्याचं नाव घेऊन पोरं निजवली त्याचं नाव घेऊन ही पोरं तुला भ्या दाखवत होती. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. माझा देव माझ्याकडून काढून घेतला आणि गाडीच्या सायलेन्सरला बांधला. तू ओट्यावर ताट घेऊन डाळ निवडत बसायचीस. आत जात नव्हतीस. "आत गेले की उद्या उंबऱ्यात येतील," म्हणायचीस.

त्यावरून आपलं भांडण झालं होतं ना, ते अर्धंच राहिलं. तू एकदा त्या गाड्यांकडं बघत मला म्हणालीस, "विमल, ही तुझीच पोरं हायत. सगळी तुझ्या अंगणवाडीतनं गेलीत." मला ते झोंबलं. खरंच होतं म्हणून झोंबलं. प्रत्येकाला मी काट्यावर टांगून वजन केलंय. कुणाचं वजन भरत नव्हतं, कुणाला जंताचं औषध पाजताना दोघींनी धरावं लागायचं, कोण शेजारच्याच्या ताटलीतली खिचडी पळवायचं, सगळं मला आठवतं. शमीमची पोरगी आणि ही पोरं एका ओळीत बसून एका पातेल्यातलं जेवलीत. मी तुला म्हटलं, "सहा वर्षांपर्यंत माझी होती. पुढं कुणाच्या हातात गेली ते मला नको इचारू." तू म्हणालीस, "मग कुणाला इचारू? तुला वाटतं का, ती जन्मल्या दिवशी अशी व्हती?" मी चिडून उठून गेले. दुसऱ्या दिवशी आपण नेहमीसारख्या बोललो पण तो विषय परत निघाला नाही. आता मला उत्तर सुचलंय आणि तू नाहीस. उत्तर असं, शकू, की त्यांना कुणीतरी रोज सांगतंय तुमची नोकरी, तुमचं लग्न, तुमचं पाणी सगळं शमीमनं खाल्लं. असं सांगणाऱ्याचा पोरगा पुण्याला कॉलेजात आहे, तो कधी गाडी घेऊन तुझ्या दारात आला नाही. आमच्या दलदलीत आमचीच पोरं उतरवली आणि तात्या काठावर कडक कपड्यात उभा.

आता तुझ्यावरचा राग. तुझ्या छातीत दुखत होतं आणि तू पित्ताच्या गोळ्या खात होतीस. मला सांगितलं नाहीस, भाऊजींना सांगितलं नाहीस, प्रमोदला फोनवर 'बरी हाय' म्हणत राहिलीस, कारण त्याला कळलं असतं तर तो तुला पुण्याला घेऊन गेला असता आणि तुझी खुर्ची रिकामी झाली असती. मला माहीत आहे तू का लपवलंस. मला पटलेलं नाही. तुरीच्या रानात बांधावर बसलीस ती बसलीसच. नळदुर्गच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. चांगला माणूस, त्यांनी दिसलं ते सांगितलं. पण ज्या बाईच्या दारात महिनोन्महिने रोज गाड्या गुरगुरतात तिच्या छातीत काय होतं हे कुठल्या मशीनवर येतं? तुला कुणी हात लावला नाही. हे ती पोरं आता छाती पुढं काढून सांगतात, आम्ही तर हातही लावला नाही म्हणून.

आणि गावानं काय कुजबुज सुरू केली माहीत आहे? भंडारा बाधला. नवऱ्यानं देवापुढं शपथ घेतली आणि बायकोनं मोडली, देवानं बघून घेतलं. तुझी तिरडी उठायच्या आत ही कुजबुज दत्तूभाऊजींच्या कानावर गेली. तो माणूस भिंतीला टेकून आपल्या उजव्या हाताकडं बघत बसला होता. "विमल, म्या मारलं तिला. माझ्या हातानं," एवढंच म्हणत होता. मी त्यांना हलवून म्हटलं, "भाऊजी, तो देव हाय, तात्याचा कार्यकर्ता न्हाय." त्यांनी ऐकलं नाही. चाळीस वर्षं संसार केला आणि शेवटी त्यांच्या वाट्याला हे पाप टाकून दिलं. खरं पाप ज्यांचं, ते मंडपाच्या खुर्च्या मांडत होते.

तुझ्या अंगावर हिरवी साडी घातली, मळवट भरला. हात तेवढे रिकामे होते, शेतात बांगड्या वाढलेल्या. तेवढ्यात शमीम आली. पेटी घेऊन. दारात तात्याची पोरं उभी, त्यातला बबन म्हणाला, "भाबी, आजच्या दिवस राहू द्या. बांगड्या आमी बाजारातनं मागवल्यात." ती थांबली. एवढी वर्षं पाहतेय तिला, कधी आवाज चढवलेला नाही. म्हणाली, "सवाष्ण हाय ती. रिकाम्या हातानं जायाची का? सरक बाजूला." मी आतून ओरडले, "बबन, आत येऊ दे तिला न्हायतर मी बाहेर येते." तो सरकला. शमीम तुझ्या उशाशी बसली, तुझा हात मांडीवर घेतला, नेहमीसारखी बोटांची पेरं दाबून मऊ करायला लागली. तुझा हात ताठरलेला. तिनं तेल मागितलं. एक बांगडी वाढली नाही, शकू, सगळ्या नीट चढल्या. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या आणि ज्यांनी ठरावाला हात वर केला होता त्यांचे हात मी बघत होते, कोपरापर्यंत शमीमच्याच बांगड्या.

आता दहावा. हे तुला सगळं सांगायचंच आहे.

नदीवर पिंड मांडला, सगळे मागं सरकले, आणि कावळ्याची वाट बघायला लागले. चिंचेवर कावळे होते की. पण तात्याबरोबर आलेली पोरं, त्यांच्या गाड्या, जीपवर बांधलेला भोंगा, माईकवाल्याचं 'हॅलो हॅलो चेक'. कावळे उठायचे, फिरून परत बसायचे, खाली येईनात. कावळा शिवेपर्यंत दोन शब्द बोलून घेऊ, म्हणून तात्या उठला. तू वाघीण झालीस, गावची माय झालीस, काय काय झालीस. आणि मग तो म्हणाला, "शकूताईंच्या जागेवर आता पोटनिवडणूक लागंल. माझी गावाला हात जोडून इनंती हाय, ताईंच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून ती जागा आपण बिनविरोध करू. हीच त्यांना खरी श्रद्धांजली."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. तुझ्या पिंडापुढं. तुझ्याच जागेसाठी. तोच शब्द. माना हलल्या, शकू. ज्यांनी मागल्या दारानं येऊन शब्द दिला आणि कपबशीचं बटण दाबलं त्यांच्याही.

कावळा येईना तशी घरची माणसं एकेक बोलायला लागली, तुला काही राहिलंय का म्हणून. प्रमोद म्हणाला, "आई, बापाला मी एकटं ठेवणार न्हाय." तुझी बहीण म्हणाली, "शके, तुझ्या गाईला मी बघते." कुणी म्हणालं, देवीची ओटी राहिली असेल. तुझा जीव कशात अडकला असेल हे त्या नदीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकजण बोलत नव्हता. गुरुजी घड्याळ बघायला लागले. तात्याला दुसऱ्या गावचा दहावा गाठायचा होता. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि उरका. गवताचा कावळा करून पिंडाला टेकवायचा, झालं, विधी पुरा. गुरुजींनी दर्भ हातात घेतलाही.

मी पुढं गेले. बायकांनी पुढं जायचं नसतं, मागून कुणीतरी पदर ओढला, मी सोडवून घेतला. पिंडापुढं जाऊन हात जोडले आणि मोठ्यानं बोलले, शंभर पोरांचा गोंगाट दाबायचा आवाज आहे माझा. "शकू, तुझी जागा बिनविरोध जाणार न्हाय. मी आता निवृत्त झालेय. कुणी उभं राहिलं न्हाय तर मी राहीन. पडले तर पडले. पण मत पडंल, आणि मोजलं जाईल."

गुरुजींचा दर्भ धरलेला हात तसाच वर राहिला. तात्या माईक बाजूला धरून म्हणाला, "बाई, ही राजकारण करायची जागा न्हाय."

मी म्हटलं, "भाषण तुमी केलं, तात्या. मी आपली पिंडाशी बोलले."

त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस. तो जीपमध्ये बसला, दार आपटलं. त्याच्या मागं पोरांनी गाड्या चालू केल्या, दोनदोन किका मारत, भोंगे वाजवत गेली. धुरळा खाली बसला. भोंगा गेला, 'हॅलो हॅलो' गेलं, आणि चिंचेवरून कावळा उतरला. सरळ आला, पिंडाला चोच लावली, भाताचं शित घेऊन गेला. मागं आणखी दोन आले.

बायका हुंदके द्यायला लागल्या. प्रमोद लहान पोरासारखा रडला. गुरुजींनी हातातला दर्भ पाण्यात सोडून दिला. सगळं गाव आता म्हणतंय, बाईंनी शब्द दिला आणि कावळा शिवला. आणि मी मनात तुझ्याशी भांडतेय, कारण हे आपलं जुनंच भांडण. तू म्हणायचीस, कावळा भुकेनं येतो, आत्मा-बित्मा काही न्हाय. मी म्हणायचे, अगं, जिवाची ओढ असते. तुझं खरं धरलं तर भोंगे गेले, भ्या गेलं, म्हणून तो उतरला. जाऊ दे, या वेळी तुझंच खरं. पण गावाला मी हे सांगणार नाही हं. गावाला जे वाटायचं ते वाटू दे. एवढे दिवस देव त्यांच्या बाजूनं बोलत होता, आता जरा कावळा आपल्या बाजूनं बोलला तर काय बिघडलं?

मला भीती वाटते, शकू. खोटं कशाला बोलू. माझी लेक फोनवर रडली, म्हणाली आई या वयात कशाला. परवापासून गाड्या माझ्या दारात यायला लागल्यात. पहिल्या दिवशी मी आत गेले होते. मग तुझं आठवलं, काल बाहेर येऊन बसले. रेस चालू झाली. मी उठून गल्लीच्या मध्ये गेले आणि बबनच्या गाडीपुढं उभी राहिले. म्हटलं, "बबन, गाडी बंद कर. तुला बोलता येईना म्हणून तुझी आई माझ्याकडं रडत आली व्हती. पहिला शब्द माझ्यापुढं बोललास तू. आता हे बोलायला शिकलास व्हय?" त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पण गाडी बंद केली. बाकीच्यांनी आणखी जोरात रेस केली, घोषणा दिल्या. आज बबन आला नव्हता. बाकीचे आले होते. त्यांचीही नावं मला पाठ आहेत.

आज दुपारी दत्तूभाऊजी आले. दहाव्यापासून प्रथमच घराबाहेर पडले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला. मला वाटलं, सांगायला आले असतील की नको, विमल, एक बाई गेली तेवढी पुरे. त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. मी तयारी करून बसले होते काय बोलायचं त्याची.

त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "फॉर्मवर सूचक लागतो ना?"

"लागतो," मी म्हटलं. "आपल्याच वॉर्डातला."

त्यांनी उजवा हात पुढं केला, तोच, ज्याच्याकडं बघत ते भिंतीला टेकून बसले होते.

"माझी सही घे," म्हणाले. "हात माझा. मत तिचं."